त्या यादीत तुझं नाव नाही

चि. सोनूस,


तू विचारलंस, "मावशी, पीसीओएसच्या त्या डेटाबेसमध्ये ५३३ जीन्स दिलेत. म्हणजे माझे एवढे जीन्स बिघडलेत का?" आधी उत्तर देते, मग बाकीचं. नाही. त्या यादीवरून तुझं एकही जनुक बिघडलंय असं म्हणता येत नाही. ती यादी तुझ्याबद्दलची नाहीच.

फोनवर हे अर्ध्या मिनिटात सांगून झालं असतं, पण तुझं समाधान झालं नसतं. तुला विज्ञान शिकायचंय, नुसता धीर नकोय. म्हणून सविस्तर लिहिते. आणि हे पत्र मुद्दाम उघडं ठेवते आहे. मस्तगडात तुझ्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून, तुझ्या कॉलेजातून कितीतरी मुलींच्या पर्समध्ये तुझ्यासारखाच सोनोग्राफीचा घडी घातलेला कागद असेल. त्यांनाही वाचू दे. तुझ्या आईला, म्हणजे आमच्या आक्कालाही वाचून दाखव. "अंडाशयात गाठी" हे शब्द ऐकल्यापासून तिच्या जिवाला घोर लागलाय, हे मला ठाऊक आहे.

तू जो डेटाबेस उघडून बसलीस तो आपल्याकडचाच, मुंबईचा. परळला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आणि बाल आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या सुझन इडिक्युला-थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पीसीओएसकेबी' हा माहितीकोश उभा केला. जगभरच्या नियतकालिकांत छापून आलेले शोधनिबंध माणसांनी बसून वाचायचे, पीसीओएसशी, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमशी, ज्या जनुकाचा संबंध कुणी नोंदवला असेल ते टिपायचं, पुराव्यासकट एका जागी मांडायचं, असं हे काम. फार चिकाटीचं. २०१६ साली त्यांनी तो जाहीर केला तेव्हा त्यात २४१ जनुकं होती. २०२० सालच्या आवृत्तीत ती ५३३ झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ. चार वर्षांत रोग दुपटीने वाढला नाही, बायकांच्या शरीरात नवी जनुकं उगवली नाहीत. वाढलं ते संशोधन. ५३३ हा आकडा संशोधकांनी आजवर कुठे कुठे शोधून पाहिलं त्याचा आहे. तुझ्या शरीरात काय चाललंय हे तो सांगू शकत नाही.

आता पहिला गोंधळ, जनुकाचा. त्या यादीत 'आयएनएस' आहे, 'आयएनएसआर' आहे, 'एएमएच' आहे. हे वाचून तू लिहिलंस, "माझ्यात एएमएच जीन आहे का, टेस्ट करून घेऊ?" अगं, ते प्रत्येकात असतं. तुझ्यात, माझ्यात, तुझ्या बाबांमध्येसुद्धा. माणसाच्या पेशीत प्रथिनं घडवणारी सुमारे वीस हजार जनुकं आहेत आणि ती सगळ्यांकडे आहेत. आयएनएस म्हणजे इन्सुलिन घडवणारं जनुक. ते नसेल तर बाहेरून इन्सुलिन घेतल्याशिवाय माणूस जगायचा नाही. माणसामाणसांत फरक पडतो तो जनुकातल्या एखाद्या अक्षराचा. डीएनएच्या लांबलचक मजकुरात एका ठिकाणी कुणाकडे एक अक्षर असतं, कुणाकडे दुसरं. अशा एका अक्षराच्या फरकाला 'स्निप' म्हणतात, आणि डेटाबेसमध्ये 'आरएस' या अक्षरांनी सुरू होणारे जे लांब क्रमांक तू पाहिलेस ते या स्निपचे नोंदणी क्रमांक. तेव्हा 'जनुक आहे का' हा प्रश्नच निकालात निघतो. 'त्या जनुकातलं अमुक अक्षर माझ्याकडे कोणतं आहे' हा प्रश्न उरतो, आणि त्याचंही उत्तर मिळून तुझ्या उपचारात आज काडीचा फरक पडणार नाही. का, ते पुढे.

दुसरा शब्द 'असोसिएटेड'. डेटाबेसभर हाच शब्द आहे आणि सगळ्यात जास्त घाबरवतो तोही हाच. मराठीत आपण त्याला 'संबंधित' म्हणतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात तो लगेच 'कारणीभूत' होऊन बसतो. म्हणजे ध चा मा. संशोधकांनी प्रत्यक्षात केलेलं असतं ते एवढंच: पीसीओएस असलेल्या बायकांचा एक गट घेतला, नसलेल्यांचा दुसरा घेतला, आणि एखादं अक्षर पहिल्या गटात थोडं जास्त वेळा सापडतं का ते मोजलं. २०११ साली चीनमधल्या संशोधकांनी हजारो बायकांवर असा अभ्यास केला. त्यात 'एलएचसीजीआर', 'थाडा' आणि 'डीईएनएनडी१ए' या जनुकांच्या परिसरात फरक सापडले. पुढे युरोपीय वंशाच्या बायकांमध्येही डीईएनएनडी१ए जवळचा फरक दिसला, म्हणून त्या जनुकाला वजन आहे. यादीतल्या प्रत्येक नावामागे एवढं वजन नाही. काही नावं मोठ्या अभ्यासांतून आली, काही मोजक्या बायकांच्या पाहणीतून, काही उंदरांवरच्या किंवा काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरच्या प्रयोगांतून. यादीत मात्र सगळी एका ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत उभी असतात. म्हणून नुसतं नाव वाचून थांबू नकोस. शेजारी संदर्भ दिलेला असतो, तो उघडायचा. अभ्यास कुणावर झाला, कितीजणींवर झाला, दुसऱ्या कुणाला तेच सापडलं का, हे बघायचं. डेटाबेस करणाऱ्यांनी संदर्भ दिलेत ते याचसाठी.

जालन्याच्या मुलीला हे समजायला जड जाऊ नये. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तुमच्या गावात महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि बियाण्याची बॅग तर तुमच्याकडे घरोघर ओळखीची. त्या बॅगवर उगवणक्षमतेचा टक्का छापलेला असतो. तो टक्का सगळ्या लॉटचा असतो. हातात घेतलेला एक दाणा उगवेल की नाही, हे त्यावरून शेतकरी सांगत नाही. आणि उतारा किती पडेल हे तर त्यात लिहिलेलंच नसतं, कारण ते पाऊस, जमीन, खत, मशागत यांवर ठरतं. जनुकांचे हे संबंध असेच गटांबद्दल बोलतात.

आणि किती बोलतात, तेही आकड्यात बघ. समज, एका स्निपचा 'ऑड्स रेशो' १.३ आहे. वर्तमानपत्रात याचा मथळा होईल 'धोका तीस टक्क्यांनी जास्त'. आता हिशेब कर. शंभर बायकांत साधारण दहाजणींना पीसीओएस असतो असं धरू. जागतिक अंदाज दहा ते तेरा असा आहे. ते अक्षर असलेल्या शंभरजणी घेतल्या तर दहाच्या जागी साडेबारा होतील. म्हणजे अक्षर असूनही ८७ जणींना काही होणार नाही, आणि अक्षर नसलेल्या शंभरजणींतल्या दहाजणींना तरीही होईल. मथळ्यातले 'तीस टक्के' धोक्याचे नाहीत, ऑड्सचे, म्हणजे आजार होणाऱ्या आणि न होणाऱ्यांच्या गुणोत्तराचे आहेत; शिवाय ते कशाच्या तीस टक्के हे मथळा सांगत नाही. असा टक्का दिसला की आधी विचारायचं, मुळात होते किती?

'सिग्निफिकंट' हाही असाच. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच, की दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता कमी आहे. फरक मोठा आहे किंवा तुझ्या कामाचा आहे, असं तो शब्द म्हणत नाही. हजारो माणसं मोजली की अगदी चिमूटभर फरकही सिग्निफिकंट ठरतो.

मग तू रोगांच्या पानावर गेलीस आणि तिथे कर्करोगाचं नाव वाचून तुझी झोप उडाली. त्या कोशात पीसीओएसशी जोडलेले हजाराहून जास्त आजार आहेत.  ही जोडणी जनुकांवरून केलेली आहे. एखादं जनुक पीसीओएसच्या अभ्यासात सापडलं आणि तेच दुसऱ्या एखाद्या आजाराच्या अभ्यासातही सापडलं, की दोन आजारांमध्ये दुवा तयार होतो. इन्सुलिनचं किंवा दाहाशी संबंधित एखादं जनुक शरीरात पन्नास कामं करतं, त्यामुळे ते पन्नास आजारांच्या यादीत सापडतं. दोन प्रक्रियांचा मार्ग कुठे एक होतो हे शोधणाऱ्याला असा दुवा उपयोगी पडतो. पीसीओएस असलेल्या मुलीला तो आजार होणार, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

यातली खरी काळजीची गोष्ट वेगळी काढून सांगते, म्हणजे एवढ्या आजारांच्या गर्दीत ती हरवणार नाही. पाळी महिनोन्महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर साचत राहतं, आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तुझ्या वयात तो मुळात फारच कमी असतो, आणि अस्तर वेळच्या वेळी पडून जावं यासाठी साधी, जुनी औषधं आहेत. म्हणून तीन महिने पाळी आली नाही तर 'येईल आपोआप' म्हणत बसायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. दुसरी काळजी मधुमेहाची, आणि आपल्या घराण्यात ती आहेच. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता त्या सोनोग्राफीच्या कागदाकडे येऊ, कारण घरातला खरा गोंधळ तिथून सुरू झाला. 'पॉलिसिस्टिक ओव्हरीज' असं लिहिलंय. कुणीतरी त्याचं 'पाण्याच्या गाठी' केलं, शेजारच्या काकूंनी 'गाठी' केलं, आणि आक्काच्या कानावर येईपर्यंत ऑपरेशन ठरलं होतं. त्या गाठी नाहीतच, सोनू. अंडाशयात प्रत्येक बीजाभोवती एक इवलीशी पिशवी असते, तिला फॉलिकल म्हणतात. दर महिन्याला काही पिशव्या वाढू लागतात, त्यांतली एक पुढे जाऊन फुटते आणि बीज बाहेर येतं. पीसीओएसमध्ये पुष्कळ पिशव्या वाढायला लागतात आणि मध्येच थांबतात. दोन ते नऊ मिलिमीटरच्या अशा थांबलेल्या पिशव्या सोनोग्राफीत काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यांना कापायचं नसतं, काढायचं नसतं. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांच्या अंडाशयांचं वर्णन केलं तेव्हापासून 'सिस्ट' हा शब्द चिकटून बसलाय. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या समितीने स्पष्ट सांगितलं होतं की हे नाव दिशाभूल करतं, ते बदला. मला ते अगदी पटतं. या नावामुळे किती स्थळं मोडली असतील आणि किती आयांनी डोळ्यांतून पाणी काढलं असेल!

पीसीओडी सौम्य आणि पीसीओएस गंभीर, हे तुझ्या मैत्रिणीने सांगितलेलंही मनातून काढून टाक. आपल्याकडे दोन्ही नावं वापरात आहेत, पण निदानाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दोन वेगळे आजार नाहीत. नियम २००३ साली रॉटरडॅमच्या बैठकीत ठरले आणि थोड्याफार बदलांनी आजही तेच चालतात. तीन गोष्टी बघायच्या: पाळी अनियमित असणं, अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वाढल्याची खूण, मग ती चेहऱ्यावरची लव असो की रक्तातलं प्रमाण, आणि अंडाशयाचं ते रूप. तिन्हीपैकी दोन असतील, आणि थायरॉईड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं तपासून बाजूला काढली असतील, तर पीसीओएस. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीवरून निदान होत नाही. उलट पहिल्या दोन गोष्टी असतील तर सोनोग्राफीची गरजही उरत नाही.

ठिपक्यांचा आकडाही स्थिर नाही. २००३ साली एका अंडाशयात बारा पिशव्या दिसल्या तरी पुरेशा होत्या. मग यंत्रं सुधारली, बारीक पिशव्याही दिसू लागल्या, आणि कितीतरी निरोगी मुली बाराच्या वर जायला लागल्या. आता वीस ही सीमा धरतात. तीसुद्धा आतून केलेल्या सोनोग्राफीसाठी. तुझी पोटावरून केली, तिथे इतकी बारीक मोजणी जमत नाही, म्हणून अंडाशयाचं आकारमान दहा मिलिलिटरच्या वर आहे का ते बघतात. तुझ्या कागदावर ते आठ आणि साडेआठ लिहिलंय. आणि शेजारच्या काकूंच्या दहावीतल्या मुलीची सोनोग्राफी केली म्हणून तू लिहिलंस, त्याचं मला फार वाईट वाटलं. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत या तपासणीवरून निदान करू नये असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे, कारण त्या वयात अंडाशयं तशी दिसणं ही वाढीचीच एक पायरी असते. त्या पोरीला उगाच आजारी ठरवू नका म्हणावं.

एएमएचबद्दल तू तीन प्रश्न विचारलेस. नावातल्या 'अँटी'मुळे तुला वाटलं ही कसली तरी अँटीबॉडी आहे. नाही, ते हार्मोन आहे. मुलगा गर्भात असताना त्याच्यात स्त्रीच्या गर्भाशयाची पूर्वतयारी असलेली एक नळी असते, तिला जर्मन शास्त्रज्ञ म्यूलरचं नाव आहे. हे हार्मोन ती नळी विरघळवतं, म्हणून 'अँटी म्यूलेरियन'. मोठ्या बाईत त्याचं काम निराळं, पण नाव तेच राहिलं. तुझ्यात ते त्या लहान पिशव्यांभोवतीच्या पेशी तयार करतात. पिशव्या जास्त, तर एएमएच जास्त. इतकं साधं.

दुसरा प्रश्न आकड्याचा. तुझा एएमएच ६.८ आणि मेलबर्नला असलेल्या तुझ्या मामेबहिणीचा ३५, "ती माझ्या पाचपट आजारी का?" तिचं एकक बघ. तुझा अहवाल नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आहे, तिचा पिकोमोल प्रति लिटरमध्ये. तुझ्या आकड्याला ७.१४ ने गुण, ४८.६ येतील. म्हणजे तिचं प्रमाण तुझ्याहून कमीच आहे. एकक न वाचता दोन अहवाल शेजारी ठेवायचे नाहीत. डेटाबेसमध्येही एका शोधनिबंधाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवताना आधी एकक, मग मोजण्याची पद्धत, मग आकडा.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला: "एएमएच जास्त म्हणजे पीसीओएस हे नक्की का?" याचं उत्तर चाचणी कुणावर केली त्यावर अवलंबून आहे. समजायला सोपे म्हणून गोल आकडे घेते, हे खऱ्या चाचणीचे नाहीत. समज, एका चाचणीची 'सेन्सिटिव्हिटी' ८० टक्के आहे, म्हणजे आजार असलेल्या शंभरांतल्या ऐंशीजणी ती पकडते. 'स्पेसिफिसिटी'ही ८० टक्के, म्हणजे आजार नसलेल्या शंभरांतल्या ऐंशीजणींना ती बरोबर 'नाही' म्हणते. आता कॉलेजातल्या हजार मुलींवर सरसकट ती चाचणी केली. त्यांत शंभरजणींना पीसीओएस आहे. त्यांतल्या ८० पकडल्या जातील. उरलेल्या नऊशेंपैकी १८० जणी निरोगी असून 'पॉझिटिव्ह' येतील. एकूण पॉझिटिव्ह २६०, खऱ्या ८०. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या तिघींतल्या जेमतेम एकीला आजार. हीच चाचणी तज्ज्ञाकडे पाळीच्या तक्रारी घेऊन आलेल्या हजारजणींवर केली, ज्यांत निम्म्यांना आजार आहे, तर पाचशे पॉझिटिव्हमधल्या चारशे खऱ्या ठरतील. चाचणी तीच, ८० टक्केही तेच, पण 'पॉझिटिव्ह'चा अर्थ पार बदलला. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी एएमएचला प्रौढ बायकांमध्ये सोनोग्राफीच्या जागी जागा दिली, पण एकट्या एएमएचवरून निदान करू नका असंही बजावलं, आणि किशोरवयीन मुलींत तो वापरूच नका म्हटलं.

रक्ताच्या अहवालातल्या ज्या तारांकित आकड्यांनी तू घाबरलीस, त्यांचंही तसंच. 'नॉर्मल रेंज' ठरवताना बहुतेक वेळा निरोगी माणसांच्या रक्तातले आकडे घेतात आणि मधले ९५ टक्के ठेवून दोन्ही टोकं कापतात. म्हणजे धडधाकट वीसजणांतला एकजण मुळातच रेंजच्या बाहेर जाणार, तशी व्याख्याच आहे. आता 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसालाही निदान एक तारा पडायची शक्यता ६४ टक्के. तारा म्हणजे आजार असं धरलं तर जालन्यात निरोगी माणूस शोधून सापडायचा नाही.

एक शब्दांची जोडी मात्र तू नीट घोकून ठेव, कारण पुढे एमएस्सीला गेलीस तर ती तुला प्रत्येक पानावर भेटेल: 'प्रॉग्नोस्टिक' आणि 'प्रेडिक्टिव्ह'. दोन्ही ऐकायला भविष्याबद्दलचे वाटतात. २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थेने मिळून बायोमार्करचे, म्हणजे शरीरातल्या मोजता येणाऱ्या खुणांचे, सात प्रकार ठरवले, त्यांत या दोघांची फारकत केली. आजार पुढे कसा जाईल हे सांगणारा मार्कर प्रॉग्नोस्टिक. अमुक औषध या रुग्णाला लागू पडेल का हे सांगणारा प्रेडिक्टिव्ह. स्तनाच्या कर्करोगातलं 'हर-टू' घे. १९८७ साली कळलं की ते जास्त असलेल्या बायकांचा आजार जास्त आक्रमक असतो; तेव्हा ते वाईट बातमी देणारं प्रॉग्नोस्टिक चिन्ह होतं. १९९८ साली त्याच हर-टूवर नेम धरणारं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध आलं, आणि तेच चिन्ह आता 'हिला हे औषध द्या' असं सांगू लागलं. चिन्ह बदललं नाही, त्याला विचारलेला प्रश्न बदलला. बाकी पाच प्रकारांचंही असंच आहे: निदानाचा, धोक्याचा, देखरेखीचा, औषधाचा परिणाम दाखवणारा, सुरक्षिततेचा. तुझ्या डेटाबेसमधली बहुतेक नावं यांपैकी कुठल्याच खुर्चीवर अजून बसलेली नाहीत. ती उमेदवार आहेत. दवाखान्यात वापरायची चाचणी होण्याआधी त्यांना पुष्कळ परीक्षा द्यायच्या आहेत, आणि बहुतेक नापास होतील. संशोधन असंच चालतं. म्हणूनच मघाशी म्हटलं, की तुझं स्निप कळून उपचार बदलणार नाही.

तू बारीक आहेस म्हणून तुला मधुमेहाची तपासणी नको, असं तुला कुणीतरी सांगितलं. इथे मात्र मी ऐकणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपलं दोघांचंच छायाचित्र छापलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाटा दोघांना सारखंच ठरवत होता. बीएमआय हाही एक मार्करच आहे. चरबी सहज मोजता येत नाही म्हणून तिच्या जागी उभा केलेला. युरोपातल्या माणसांवर त्याने जे सांगितलं ते आपल्या अंगकाठीला जसंच्या तसं लागू होत नाही. आपण दिसायला बारीक असलो तरी आतून बारीक असतोच असं नाही. पीसीओएसमध्ये इन्सुलिन नीट काम करत नाही हा मोठा भाग आहे, आणि बारीक मुलींतही तो असतो.

त्यातही एचबीएवनसीवर एकट्यावर विसंबू नकोस. ती चाचणी मागच्या दोनतीन महिन्यांची साखर सांगते, पण सांगते ती लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनच्या तोंडून. लोहाची कमतरता असेल तर आकडा फुगू शकतो. पेशी लवकर मोडत असतील, सिकलसेलसारखं काही असेल, तर घसरतो. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, आणि तुझं हिमोग्लोबिन ९.४ आहे. म्हणून उपाशीपोटी एकदा आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी पुन्हा, अशी साखर तपासायला सांग. पीसीओएससाठी हीच तपासणी सगळ्यात भरवशाची मानतात, आणि तुझ्या त्या पॅकेजहून ती पुष्कळ स्वस्त आहे.

आणि आक्काच्या मनात जे आहे पण तोंडातून निघत नाही, त्याबद्दल. पीसीओएस म्हणजे मूल होणार नाही, हे खरं नाही. बीज दर महिन्याला बाहेर पडत नाही म्हणून काहीजणींना वेळ लागतो, काहींना गोळ्यांची मदत लागते. लेट्रोझोल हे त्यातलं पहिलं औषध, जुनं, परवडणारं. पुष्कळजणींना तेही लागत नाही. स्थळ बघताना कुणी कागद मागितला तर त्या घरी जायचं की नाही याचा विचार आपण करू, तुझ्या अंडाशयाचा नाही.

डॉक्टरांकडे जाताना डेटाबेसची पानं नेऊ नकोस. मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून ने. त्या तारखांतून त्यांना जेवढं कळेल तेवढं ५३३ नावांतून कळणार नाही. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन झालंय का ते विचार. नवी चाचणी सांगितली तर न बिचकता विचार, "याचं उत्तर आलं तर तुम्ही काय वेगळं कराल?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. डेटाबेस मात्र सोडू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये, आपण दोघी त्यातली दहा नावं निवडू, प्रत्येकाचा मूळ शोधनिबंध काढू आणि कुणाचं म्हणणं टिकतं ते बघू. लोह सुरू करायचं ते लगेच कर, सुट्टीची वाट बघू नकोस. आणि आक्काचा मागच्या महिन्यातला एचबीएवनसीचा कागद मला पाठव, त्या दिवशी तिचं हिमोग्लोबिन किती होतं तेही कळव.

तुझी,
मावशी